वाजवी संशय म्हणजे काय?



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर अटकेचा विषय कशाला, असे काही पालकांस वाटेल. पण आपला मुलगा रात्रीच्या एस.टी.ने परततो, कोणी पहाटे होडी घेऊन निघतो, आणि त्यास कोणीतरी हटकते. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर तपासणी वाढली. ती वाढायलाच हवी होती. हटकले म्हणून रागावू नये. नाव-गाव खरे सांगावे, पळू नये.

मात्र हटकणे वेगळे आणि अटक वेगळी. विनावॉरंट अटकेसाठी वाजवी तक्रार, विश्वसनीय माहिती किंवा वाजवी संशय लागतो. 1 जुलै 2024 पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 मध्ये आहे. ‘वाजवी’ म्हणजे ज्यावर बोट ठेवून दाखवता येईल असे काही. दाढी, टोपी, मोहल्ला हे कारण नव्हे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चे कलम 122 रात्रीच्या संशयास्पद वावराबद्दल आहे. त्यात होडीचाही उल्लेख आहे. पण नुसते रात्री बाहेर सापडणे हा तेथेही गुन्हा नाही. गुन्ह्याच्या इराद्याने तोंड झाकणे, घरफोडीची अवजारे जवळ असणे, असे काहीतरी लागते.

कारणाविना संशय किती महाग पडतो ते आपल्याच राज्यातील एका अपिलात पाहा. 5 जून 2003 च्या रात्री नाशिक जिल्ह्यात एका झोपडीवर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांवर खटला भरला गेला. (अशा अनेक जमातींवर इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 मध्ये कायदा गेला. नजर गेली नाही. ती नजर आपणांसही अनोळखी नाही.) 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वांनाच पुन्हा फाशी दिली. पुढे तो निकाल मागे घेतला गेला, अपिले नव्याने ऐकली गेली, आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने सुरुवातीसच पोलिसांकडील छायाचित्रांतून चौघे ओळखले होते. ते या सहांपैकी नव्हतेच! त्यांचा तपास मात्र झाला नाही. प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. 2003 ते 2019 ही वर्षे पाच लाखांत कशी बसवायची? आणि त्या बाईला तरी कोठला न्याय मिळाला?

म्हणून विद्यार्थ्यांनो, एवढे पाठ करा. अटक झाल्यास कारण विचारा. मुंबईतील एका प्रकरणात 6 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश गवई असताना, सांगितले की कारण लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यावे. घरी कळवण्याचा, वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. प्रवासाचा वेळ वगळता 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावेच लागते. न वाचता सही करू नये. आणि पालकांनो, वकिलाच्या खर्चाने घाबरू नका. ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतील माणसाला तेथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट त्यास नाही.