नाव एक, माणसे अनेक : आपली नोंद आपणच शोधावी

(वर्षावास व्याख्यानमालेत टिटवाळा येथे दिलेले भाषण)



मी काही वक्ता नाही आणि वकील तर नाहीच नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. आपल्या संस्थेचे चिटणीस मला म्हणाले, "तुम्ही दिवसभर कागदांतच बसता, तेव्हा कागदांवरच बोला." म्हणून आजचा विषय घेतला आहे : सरकारी दप्तरातील आणि कोर्टातील आपली नोंद कशी शोधावी. विषय रुक्ष वाटेल, परंतु त्यापायी माझ्या घरात एका मुलीचे एक वर्ष वाया गेले आहे. तिथूनच सुरुवात करतो.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. अभियांत्रिकीला राखीव जागेवर तिचा नंबर लागला. जातीचा दाखला होता, परंतु जात वैधता प्रमाणपत्र नव्हते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात. त्यापूर्वीचा पुरावा लागतो. आमच्या घरात काय होते? भावाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि वडिलांचा दाखला. वडील शाळेत गेले ते १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर. दोघांच्याही दाखल्यावर 'बौद्ध' एवढेच लिहिलेले. त्यात चूक काहीच नाही, तो आमचा अभिमान आहे. परंतु त्यामागचा दुवा सांगणारा एकही कागद घरात नव्हता. आजोबांनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. मुदत संपली, जागा गेली. मुलगी वर्षभर घरी बसली. दोष कुणाला देऊ? कागद होता. तो आम्ही शोधलेला नव्हता.

मित्रांनो, नोंद म्हणजे काय, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरमध्ये क्रमांक १९१४ समोर 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव आहे. आज त्या शाळेला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. ती वही कुणी तरी जपली, म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. त्या वहीत 'भीमराव' शोधणाऱ्याला भीमराव सापडणार नाही. तिथे 'भिवा' शोधावा लागतो. आजच्या माझ्या बोलण्याचे सार एवढेच आहे की, नुसत्या नावाने नोंद सापडत नाही. गाव, साल आणि क्रमांक या तिन्हींचा माग काढावा लागतो.

आपल्या जिल्ह्यात तर हे जास्तच खरे आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती आणि तो देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता. कल्याण-डोंबिवली महापालिकेतच १२ लाखांवर लोक. कल्याण स्टेशनच्या पुलावर "मिलिंद जाधव" अशी हाक मारली, तर चार जण मागे वळून पाहतील! शिवाय जिल्ह्याच्या सीमा बदलल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. वाडा, जव्हार, मोखाडा, वसई हे तालुके तिकडे गेले. म्हणजे वाड्याच्या माणसाच्या जुन्या कागदावर 'जिल्हा ठाणे' असेल आणि आता विचारपूस पालघरला करावी लागेल. आपल्यापैकी किती तरी कुटुंबे जळगाव, बुलढाणा, रत्नागिरी, मराठवाडा येथून पोटासाठी आलेली आहेत. त्यांनी कल्याणच्या तहसील कचेरीत कितीही खेपा घातल्या, तरी आजोबांची नोंद इथे नाही. ती मूळ गावच्या दप्तरात आहे.

आता आमचा शोध कसा लागला ते सांगतो. आमचे मूळ गाव मुरबाड तालुक्यातले. गावच्या शाळेत चौकशी केली. जुने रजिस्टर नाही असे उत्तर आले. आम्ही हात टेकले. पण माझ्या वडिलांची एक म्हातारी आत्या होती. तिने सांगितले, "अरे, तुझा धाकू चुलता शाळेत जायचा. पण आपल्या गावात शाळा होती कुठे? तो शेजारच्या मोठ्या गावाला जायचा." झाले, गाव कळले. साल कोणते? ती म्हणाली, "सिद्धगडावर गोळ्या चालल्या, तेव्हा त्याने शाळा सोडली होती, गुरांमागे होता." सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झाले. म्हणजे त्याआधीची चार-पाच वर्षे. त्या मोठ्या गावच्या शाळेत लेखी अर्ज केला, सालासकट. गुरुजी भले होते. त्यांनी कपाट उघडले आणि दोन तासांत नोंद सापडली. 'धाक्या गोमा', आडनावाचा रकाना कोरा, जात महार.

'धाक्या' हे वाचून मला वाईट वाटले. आपल्या वाडवडिलांची नावे अशीच लिहिली गेली. राम्या, गण्या, सोनी. आडनाव नाही, असले तर गावावरून पडलेले. कुठे नावापुढे 'नाक'. जुन्या कागदांत 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. त्याहून जुने कागद मोडीत. म्हणून सांगतो, शोधताना आजचे शुद्ध नाव डोळ्यांपुढे ठेवू नका. ज्या नावाने गावाने हाक मारली ते नाव शोधा. आणि सापडलेली नोंद खाडाखोड करून 'सुधारू' नका. धाक्या गोमा आणि रेशनकार्डावरचे धाकू गोमा एकच, हे वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र यांच्या आधाराने दाखवता येते. खाडाखोड मात्र सगळी नोंदच संशयात टाकते. पुढच्या वर्षी पुतणीला वैधता प्रमाणपत्र मिळाले. आता घरातल्या इतर मुलांनाही त्याचा आधार होतो, कारण वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाची वैधता हा मोठा पुरावा मानला जातो.

आता कोणती नोंद कुठे असते ते थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा शाळेत. गावातल्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना नंबर १४ मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, तहसीलच्या अभिलेख कक्षात. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आल्यापासूनच्या नोंदी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेकडे. सातबारा, आठ-अ आणि फेरफार तलाठ्याकडे, जुने असतील तर तहसीलमध्ये. मोजणीचे नकाशे आणि मिळकत पत्रिका भूमी अभिलेख कार्यालयात. खरेदीखते दुय्यम निबंधकाकडे. आता सातबारा संगणकावर घरबसल्या मिळतो. पण संगणकाला तरी गाव आणि गट क्रमांक सांगावाच लागतो.

कागद मागताना तोंडी मागू नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा ज्याला हक्क आहे, त्याला फी भरून प्रमाणित नक्कल मिळण्याचाही हक्क आहे. साक्षीपुराव्याच्या जुन्या कायद्यात तो होता आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. अडवणूक झाली तर २००५ चा माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. मात्र अर्जात "माझ्या आजोबांची सर्व माहिती द्यावी" असे लिहू नका. कोणत्या गावची, कोणत्या सालची, कोणती वही, ते लिहा.

जमिनीबद्दल दोन शब्द. महार वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून तो लागू झाला. ठरलेली रक्कम भरून या जमिनी वतनदारांना पुन्हा देण्याची त्यात तरतूद होती आणि त्या विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आज आपल्या भागात जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. ज्यांच्या पूर्वजांकडे वतन होते, त्यांनी त्या गटाचा सातबारा आणि १९५९ पासूनचे फेरफार एकदा वाचून पाहावेत. 'भोगवटादार वर्ग २' हे शब्द आणि 'इतर हक्क' हा रकाना नीट पाहावा. फेरफार म्हणजे जमीन कुणाकडून कुणाकडे आणि कशी गेली त्याची गोष्ट आहे.

घर घेणाऱ्यांनाही हेच सांगेन. बँकेत गृहकर्जाचे प्रकरण आले की वकिलाकडून साधारण तीस वर्षांचा शोध घेतला जातो. पण तेवढ्यावर विसंबून राहू नये. आपल्याच कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचे प्रकरण झाले. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत साध्या नोकरदारांनी आयुष्याची पुंजी घातलेली. कागदावर शिक्का होता, नंबरही होता. ज्या कचेरीचा तो शिक्का, तिच्या मूळ दप्तरात मात्र परवानगी नव्हती. म्हणून कागद हातात आला की तो जिथून निघाला असे सांगतात, तिथे जाऊन ताडून पाहावा.

आता कोर्टाकडे वळतो. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी आठवतो. पण त्याचा दावाही चालला, हे पुष्कळांना माहीत नसते. १९२७ साली महाडच्या कोर्टात बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा दाखल झाला. १९३१ साली निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. विरोधकांनी अपील केले ते आपल्या ठाण्याच्या न्यायालयात. तेही हरले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची म्हणून जी अनादी काळापासूनची रूढी सांगतात, ती पुराव्याने सिद्ध झालेली नाही. पाहा, हजारो वर्षांची म्हणून सांगितलेली रूढी पुराव्यापुढे टिकली नाही! हा दावा दहा वर्षे चालला आणि तो आज आपण तारीखवार सांगू शकतो, कारण त्याची कागदपत्रे राहिली.

आज खटल्याची माहिती ई-कोर्टच्या संगणकीय सेवेवर कुणालाही पाहता येते. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो असेल तर प्रकरण लगेच सापडते. नसेल तर न्यायालय, वर्ष आणि पक्षकाराचे नाव घालून शोधावे लागते. आणि इथे मोठा धोका आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाची नोकरी ठरली होती. चौकशीत त्याच्या नावाचा एक फौजदारी खटला निघाला आणि नेमणूक थांबली. तो खटला दुसऱ्याच माणसाचा होता. नाव तेच, आडनाव तेच. बापाचे नाव वेगळे, वय वेगळे, पत्ता वेगळा. प्रकरणाच्या कागदांची नक्कल काढून दाखवेपर्यंत महिना गेला. म्हणून नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे समजू नये. आणि खटला दाखल झाला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असेही नव्हे; निकाल काय लागला ते पाहावे.

विद्यार्थी मित्रांनो, ही साधने हातात आहेत म्हणून शेजाऱ्याची प्रकरणे उकरून चावडीवर चर्चा करू नका. अत्याचारपीडित स्त्रीचे किंवा बालकाचे नाव उघड करणे तर गुन्हाच आहे. दुसऱ्याच्या दुःखाची चर्चा ही सम्यक वाचा नव्हे.

शेवटी तीन विनंत्या करतो. पहिली, या रविवारी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ वही घेऊन बसा. पणजोबांपासूनची वंशावळ, मूळ गाव, शाळेचे गाव आणि हाक मारायची नावे लिहून घ्या. आमची आत्या आज नाही. आम्ही आणखी उशीर केला असता, तर तिच्याबरोबर ते सालही गेले असते. दुसरी, घरातल्या कागदांच्या तीन-तीन प्रती करा, एक दुसऱ्या घरी ठेवा. २६ जुलै २००५ च्या महापुरात काळू-उल्हासच्या काठी किती पेट्या भिजल्या, हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. तिसरी विनंती संस्थेला. विहारात एक कपाट आणि एक वही असावी. ज्याला नोंद सापडली, त्याने ती कुठे, कशी सापडली ते त्यात लिहावे, म्हणजे पुढच्याचे वर्ष वाया जाणार नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी अर्ज लिहून द्यायला मी स्वतः बसेन.

माझी पुतणी आता शेवटच्या वर्षाला आहे. वाया गेलेल्या वर्षाबद्दल ती कधी बोलत नाही. पण तिने धाकू आजोबांच्या नोंदीची प्रत चौकटीत घालून भिंतीवर लावली आहे. दुसरीतून शाळा सुटलेला तो पोरगा ऐंशी वर्षांनी नातीच्या उपयोगी पडला.