अंगकाठी की उपास?

मागे एका बाळंतिणीकडे गेले होते. बाळ २ किलो १०० ग्रॅमचं. सासू म्हणाली, "हिच्या माहेरची अंगकाठीच बारीक. हिची आईपण अशीच." आई शेजारीच बसली होती. तिला विचारलं. लग्न पंधराव्या वर्षी, सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते जेवण, आणि ही पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत खुरपणी. याला अंगकाठी म्हणायचं?

अडीच किलोच्या आत जन्मलेली मुलगी आई झाली की तिचं बाळही कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. त्यात थोडा वाटा रक्ताचा असतो, नाही असं नाही. पण पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यात दूध, फळं, पालेभाजी जास्त वेळा खाणाऱ्यांची बाळं मोठी आढळली.

शिवाय मुलीची बीजांडं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे नातवंडाची सुरुवात आजीच्या पोटात! मग नऊ महिन्यांच्या लोहाच्या गोळ्यांवर (त्याही वेळेवर मिळाल्या तर) कसं भागेल?

आता आम्ही गरोदर सुनेबरोबर तिच्या दहा वर्षांच्या नणंदेच्या ताटात काय पडतं तेही विचारतो. सासूबाईंना आधी राग येतो.