शाळा आपल्या डोळ्यांनी पाहावी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी सातवी पास बाई. शाळेवर बोलण्याचा मला काय अधिकार? पण अध्यक्षाबाई म्हणाल्या, "तुम्ही लेकीसाठी शाळा कशी पाहिली, तेवढेच सांगा." तेवढे मला सांगता येईल, म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझे माहेर देवळी तालुक्यातले. गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा दुसऱ्या गावी, आणि मध्ये नाला. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की दोन दोन दिवस वाट बंद राही. माझा भाऊ सायकलने जात असे. माझ्याबद्दल बाबांनी नाही असे कधी म्हटले नाही, पण हो असेही म्हटले नाही. शाळा उघडल्या, आणि मी आईबरोबर निंदणाला जाऊ लागले. माझे शिक्षण संपले ते असे, कोणी न संपवता.

पुढे मला कळले की आपल्या वर्ध्यातच १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने जी योजना आखली, तिला सारा देश 'वर्धा योजना' म्हणून ओळखतो. सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हाताच्या उद्योगासह, असे तिचे सूत्र होते. ते ऐकून माझ्या मनात आले, सात वर्षे तर मला मिळाली, अडले ते आठव्या वर्षी! आता २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आहे. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत, शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. पण बायांनो, नववी-दहावी त्या कायद्यात येत नाही. मुलींना आपल्या राज्यात बारावीपर्यंत फी माफ आहे हे खरे. तरी आठवीनंतर पोरगी घरी बसली तर तिला परत शाळेत आणण्याची सक्ती कोणावर नाही. तिथून पुढची काळजी आईबापांनीच घ्यायची. म्हणून आठवीची शाळा निवडताना ती दहावीपर्यंतची निवड आहे असे समजावे.

पहिल्या खेपेस मी चुकले, तेही सांगते. माझ्या मुलाला आम्ही एका शाळेत घातले ते तिची इमारत पाहून. गेटवर इंग्रजी नाव, दाराशी व्हॅन, गळ्यात टाय. सोयाबीन विकून फी भरली. दोन वर्षांनी पाहते तर पोराला धड इंग्रजी वाचता येईना, आणि मराठी पाटीही अडखळत वाचे. दोष एकट्या शाळेला देत नाही. त्या दोन वर्षांत मी एकदाही वर्गापर्यंत गेले नव्हते. आपल्याला काय कळते, असे म्हणून गेटवरूनच परत येत होते.

लेकीच्या वेळी ठरवले की आधी शाळा पाहायची, मग नाव घालायचे. सरकारी हायस्कूल आमच्या घरापासून साडेपाच किलोमीटरवर आहे. सासूबाई म्हणाल्या, "इतकी दूर पोरगी कशाला? सातवी झाली, पुष्कळ झाले." मी काही बोलले नाही. पण त्यांच्या बोलण्यात मला माझा जून महिना दिसला.

मी फेब्रुवारीतच गेले. हे मुद्दाम सांगते. आपल्या विदर्भात उन्हापायी शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि आपण मे महिन्यात चौकशीला निघतो. तेव्हा रिकामी इमारत दिसते, शाळा दिसत नाही. वर्ग भरलेले असताना जावे. मी लेकीला घेऊन गेले आणि एसटीनेच गेले, कारण रोज तिला एसटीनेच जायचे होते. खेड्यातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो. पण पास असून भागत नाही, गाडी वेळेवर लागते. शाळा सुटल्यावर गाडीला पाऊण तास होता. तो पाऊण तास मुली कुठे थांबतात, ते मी उभी राहून पाहिले. सात-आठ मुली शाळेच्या ओट्यावर बसून होत्या आणि एक बाई गाडी येईपर्यंत त्यांच्याबरोबर थांबल्या. निम्मी शाळा मला तिथेच आवडली.

मुख्याध्यापकांकडे जाताना पाय थरथरत होते. ते म्हणाले, "बसा ताई, काय काम आहे?" मी म्हटले, "सर, लेकीला आठवीत घालायचे आहे, पण आधी शाळा पाहायची आहे." ते जरा थांबले, मग उठून स्वतः माझ्याबरोबर आले.

मी निकाल विचारला. ते म्हणाले, चांगला लागतो. मी म्हटले, "सर, आपण कापूस विकतो तेव्हा भाव विचारतो, तसे किती क्विंटल तेही विचारतो. मागच्या साली नववीत मुले किती होती, आणि त्यातली दहावीला किती बसली?" बहिणींनो, हा प्रश्न प्रत्येक शाळेला विचारा. समजा नववीत तीस मुले होती आणि दहावीला वीसच बसली व वीसही पास झाली, तर निकाल शंभर टक्के लागतो. पण ती दहा कुठे गेली? काही ठिकाणी कच्च्या मुलांना नववीनंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसा म्हणून सांगतात. फॉर्म वाईट नाही. ज्याची शाळा सुटली त्याला तो आधारच आहे. पण शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून आपल्या लेकराला बाहेर काढत असतील तर आपण सावध असावे. सरांनी हजेरीपट काढून दाखवला. चार मुले गळली होती. दोन कामासाठी बाहेरगावी गेली, दोन मुलींची लग्ने ठरली. त्यांनी ते लपवले नाही, म्हणून माझा विश्वास बसला.

मग वह्या पाहिल्या. आपण कमी शिकलेल्या, तरी वही पाहता येते. मी हुशार मुलीची वही मागितली नाही, मागच्या बाकावरच्या मुलाची मागितली. अक्षर वेडेवाकडे होते, पण पानोपानी लाल शाईने चूक दुरुस्त केलेली होती. नुसती सही नव्हती. विज्ञानाच्या वहीत प्रयोगाच्या आकृत्या होत्या, आणि प्रयोग खरेच केला का, ते मुलांनाच विचारले.

मुलींचे संडास आतून पाहिले. कडी लागत होती, पण पाणी बाहेरून बादलीने न्यावे लागे. ही गोष्ट बोलायला लाज वाटते, पण मोठ्या मुली महिन्याचे चार दिवस घरी राहतात त्या ह्याचपायी. पोरीला शाळेतून कोणी काढत नाही, ती अशीच मागे पडत जाते. मुलींना काही अडचण आली तर कोणाजवळ सांगावे, तेही विचारले. शाळेत सखी सावित्री समिती असावी असा शासनाचा २०२२ चा आदेश आहे. समितीतल्या बाईंची मी ओळख करून घेतली.

शाळेत उणे होतेच. गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी होती आणि विज्ञानाचे सर दोन्ही विषय ओढत होते. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "मग कशाला घालायचे तिथे?" मी म्हटले, "इमारत पाहून एकदा फसलो. इथे उणे काय आहे ते तरी आपल्याला ठाऊक आहे." लेकीला विचारले. ती म्हणाली, "आई, त्या बाई गाडी येईपर्यंत थांबतात ना, मग मी जाते."

नाव घातले आणि मी स्वस्थ बसले नाही. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि समितीत निम्म्या बाया असाव्या लागतात. आपण नुसत्या सही करून येतो, तसे करू नये. त्या साली मी समितीत गेले. आम्ही सहा जणी मिळून गणिताच्या शिक्षकासाठी वर अर्ज केला, परत केला, तिसऱ्यांदा केला. दिवाळीनंतर शिक्षक आले. संडासात नळ आला तो गावातल्या लोकांच्या वर्गणीतून. माझी लेक आता नववीत आहे. गणितात फार हुशार नाही, पण वही पूर्ण असते.

मागच्या महिन्यात सासूबाईंनी शेजारणीला सांगितले, "नातीची गाडी चुकली तर तिच्या बाई थांबतात म्हणे." मी आतून ऐकले आणि पोळ्या लाटत राहिले.

बहिणींनो, तुमच्यापैकी पुष्कळ जणींची मुले यंदा सातवीत आहेत. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर मंडळातून चौघी मिळून जाऊ, मी बरोबर येईन. मी दोन मैत्रिणींबरोबर आतापर्यंत गेले, आणि कोणत्याही शाळेत आम्हाला कोणी किती शिकलात म्हणून विचारले नाही.