सरोवराकाठचे छोटे घर

घर बांधावयाचे तर आधी जागा घ्यावी आणि मग दिशा, वारा, पाणी पाहून नकाशा करावा, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. स्वित्झर्लंडमध्ये लेमन सरोवराच्या काठी, कोर्सो या गावी, 1923-24 मध्ये उभ्या राहिलेल्या एका घराच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा झाला. नकाशा आधी तयार झाला आणि तो खिशात घालून वास्तुशिल्पी त्याला साजेशी जमीन शोधीत हिंडला. हा वास्तुशिल्पी म्हणजे ल कॉर्बुझिए. आणि घर बांधावयाचे होते ते त्याच्या वृद्ध आईवडिलांसाठी.

या घरामागे एक जुने ऋण होते. वडील घड्याळांच्या तबकड्यांवर मिनाकाम करणारे कारागीर, आई पियानो शिकविणारी. मुलाने 1912 मध्ये त्यांच्यासाठी ला शो-द-फाँ या गावी एक प्रशस्त घर बांधले होते. ते त्यांच्या ऐपतीला झेपले नाही. आयुष्यभराची पुंजी त्यात गेली आणि 1919 मध्ये तोटा सोसून ते विकावे लागले. पुढे आधुनिक वास्तुकलेचा अध्वर्यू म्हणून गाजलेल्या माणसाने आपल्या जन्मदात्यांनाच प्रथम अडचणीत आणले, ही गोष्ट त्याच्या गौरवग्रंथांतून सहसा हळूच सांगितली जाते.

म्हणून दुसरे घर अगदी बेताचे झाले. लांबी सुमारे 16 मीटर, रुंदी 4 मीटर. एकूण 64 चौरस मीटरच्या आसपास. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय बिऱ्हाडाला हे क्षेत्रफळ परके वाटू नये. बैठक, निजण्याची जागा, न्हाणीघर, स्वयंपाकघर हे सारे आगगाडीच्या डब्याप्रमाणे एका ओळीत. सरकत्या आडोशामागे पाहुण्याची खोली. छपरावर माती घालून गवत वाढू दिलेले. कुंपणाच्या भिंतीशी कुत्र्यासाठी एक छोटा चौथरा आणि तेथे रस्त्यावरून जाणाऱ्यांवर भुंकण्यासाठी जाळीचा झरोका! मोठमोठ्या नगरांचे आराखडे कागदावर मांडणाऱ्या माणसाला घरच्या कुत्र्याची करमणूकही सुचली, हे विशेष.

घराची दक्षिणेकडील बाजू सरोवराकडे आहे. तिथे तब्बल 11 मीटर लांबीची एकच आडवी खिडकी. आत बसलेल्या माणसाला पाणी, त्यावरून जाणाऱ्या बोटी आणि पैलतीरावरील आल्प्सच्या रांगा सलग दिसतात. पण या घराचे खरे मर्म खिडकीत नसून बाहेरच्या अंगणात आहे. सरोवर समोर पसरलेले असताना अंगणाच्या कडेला मुद्दाम भिंत घातली आहे. त्या भिंतीत एक चौकोनी खिडार ठेवले आहे आणि त्याला टेकून एक मेज बांधले आहे. चारी बाजूंनी उघडे असलेले दृश्य डोळ्यांना लवकरच शिळे होते. ते दिसावे म्हणून आधी ते अडवावे लागते, अशी यामागची धारणा. वाड्याच्या चौकातून वर पाहिले असता दिसणारा आकाशाचा तुकडा ज्यांनी लहानपणी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. आज तळ्याकाठी उभ्या राहणाऱ्या काचेच्या इमारतींना ही भिंत घालण्याचे धैर्य होत नाही. तेथे दृश्याचे दाम मोजलेले असते, आणि मोजलेल्या दामात भिंत कोणाला हवी असणार?

गावकऱ्यांना मात्र हे घर रुचले नाही. ल कॉर्बुझिएनेच लिहून ठेवले आहे, की स्थानिक कारभाऱ्यांनी हा निसर्गाविरुद्ध गुन्हा ठरविला आणि असे घर पुन्हा बांधण्यास बंदी केली. निसर्गानेही थोडा सूड उगविला. सरोवराची पातळी कमीजास्त होई आणि पाण्याच्या दाबाने तळघर नावेसारखे वर उचलले जाऊन भिंतीला तडा गेला. पुढे 1950 च्या सुमारास दर्शनी बाजूला ॲल्युमिनियमचा पत्रा चढवावा लागला. त्या पत्र्यामुळेच आज हे घर एखाद्या विमानासारखे चकाकते आणि पाहणाऱ्यांना ती मूळचीच कल्पना वाटते.

वडिलांना हे सुख फार काळ लाभले नाही. ते 1926 मध्ये वारले. आई मात्र त्यानंतरही याच घरात राहिली. 1960 मध्ये, शंभरीच्या उंबरठ्यावर, ती निवर्तली, तेव्हा या घरातील तिच्या वास्तव्याला साडेतीन दशके होऊन गेली होती. त्याआधी, 1954 मध्ये, मुलाने या घराची हकीकत एका चिमुकल्या पुस्तकात सांगितली. तिच्या माघारी थोरला मुलगा, संगीतकार आल्बेर, तेथे राहिला. 2016 मध्ये युनेस्कोने ल कॉर्बुझिएच्या सात देशांतील सतरा कृतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत चंदीगडच्या विधानभवन-सचिवालयाच्या संकुलाबरोबर हे छोटे घरही आले.

चंदीगडचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी एका सरोवराविषयी सांगितले पाहिजे. 1958 मध्ये तेथे बांध घालून सुखना हे कृत्रिम सरोवर निर्माण करण्यात आले. येथे ल कॉर्बुझिएने काठावर घर बांधण्याचा विचार केला नाही. बांधावरचा रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी राखावा, मोटारींचा गलबला तेथे नसावा, असा त्याचा आग्रह होता. नगरातील शेकडो घरांची, शाळांची, साध्यासुध्या लाकडी खुर्च्यांची चिंता वाहिली ती त्याच्या चुलतभावाने, पिएर झान्नरेने. तो दीर्घकाळ चंदीगडलाच राहिला आणि अखेरच्या आजारपणात मायदेशी परतला. लेमनच्या देशात जन्मलेल्या या माणसाच्या अस्थी 1970 मध्ये, त्याच्याच इच्छेनुसार, सुखना सरोवरात विसर्जित करण्यात आल्या.