दिल्लीतली करवंदं

दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला करवंदाची जाळी पाहायला सह्याद्रीतच जावं लागतं असं नाही. जवळच अरवलीचा खडकाळ 'रिज' आहे. तिथल्या काटेरी रानात जंगली करौंदा, म्हणजे आपल्या करवंदाचा सख्खा भाऊ, आपसूक वाढतो. पांढरी सुवासिक फुलं, जोडीनं येणारे काटे आणि पान तोडताच येणारा चीक, ओळख पटायला एवढं पुरे.

पावसाळ्यात मंडईत येतो तो लागवडीचा, गुलाबी-पांढरा करौंदा. आपण करवंदं काळीभोर पिकलेली खातो, तीही 'कोंबडा की कोंबडी' बघत! दिल्लीकर मात्र कच्चीच हिरव्या मिरचीबरोबर परततात, आणि तोंडीलावणं झकास होतं. पेक्टिन भरपूर, त्यामुळे जेलीही छान जमते.

रिजवरची फळं पाखरांना राहू द्या. मंडईतली आणा आणि लोणचं घाला.