विवरणपत्र कोणाच्या हाती?

राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी शिक्षकाचे वा छोट्या व्यापाऱ्याचे आयकर विवरणपत्र बहुधा दुसराच कोणी भरतो. तो प्रशिक्षित असावा म्हणून २००६ साली ‘टॅक्स रिटर्न प्रिपेरर’ योजना आली. पदवी, प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि विवरणपत्रावर त्याची स्वाक्षरी! परंतु प्रमाणपत्राविना हे काम करणाऱ्यांना मज्जाव झाला नाही. खरी मेख तिथेच आहे.

जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. काही मध्यस्थ दलालीपोटी खोट्या वजावटी दाखवीत आणि विवरणपत्रात तात्पुरता ई-मेल देत, असे आढळले. मग खात्याची नोटीस करदात्याने वाचावी कशी? त्याआधीच्या ४ महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते. दलाली मात्र मध्यस्थाच्या खिशात गेली.