घरातला समुद्र



छंदाविषयी बोल म्हटल्यावर मी जरा बिचकलेच. टँकरची वाट बघत घागरी रांगेला लावणारे आपण. माणमध्ये उभं राहून पाण्याचा छंद कसा सांगायचा?

माझ्या पुण्याच्या घरात ६० लिटरचा समुद्र आहे. एकच काचेची टाकी, तिच्याच मागच्या कप्प्यांत गाळणी, पंप आणि हीटर. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित, म्हणून ते ठेवलेले नाहीत. सिरॅमिकचे दगड आणि हॅचरीत जन्मलेले दोन क्लाउनफिश, एवढंच.

ही दुसरी जोडी. पहिली माझ्या चुकीने गेली. रोज लिटरभर पाणी उडायचं आणि मी तेवढंच खारं पाणी ओतायचे. लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे दहा दिवसांत ३५० ग्रॅम जादा! पाणी उडतं, मीठ मागे राहतं, हे सरांनी शिकवलं होतं. परीक्षेत मी ते बरोबर लिहिलं आणि घरी विसरले. आता उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त गोडं पाणी घालते.

तेही आरओचं. ते मशीन बरंच पाणी बाहेर टाकतं. ते मोरीत वाहताना बघून आईची घागर आठवली. आता खाली बादली असते. त्यातून फरशी पुसून होते. मुलगी हसते, "एवढ्याशा पाण्यासाठी?" म्हणून आज तिला सोबत आणलंय.

सर, त्या पेपरातला एक मार्क कमी केलात तरी चालेल.